वेबसाइटचे रूप बदलण्यापूर्वी



उन्हाळ्याची सुट्टी लागली की शाळा, मदरसे आणि संस्थांमध्ये डागडुजीची कामे निघतात. भिंतींना रंग दिला जातो, मोडके बाक सुताराकडे जातात, गळके पत्रे बदलले जातात. अलीकडे या यादीत आणखी एक काम आले आहे, ते म्हणजे संस्थेची वेबसाइट. "फार जुनाट दिसते, नवी डिझाइन टाकून घ्या," असे बैठकीत कोणीतरी सुचवतो आणि हे काम मोहल्ल्यातल्या एखाद्या संगणक शिकलेल्या मुलाकडे सोपवले जाते. मुलगा हुशार असतो, मेहनतीही असतो. रात्री बसून तो एक बटण दाबतो. सकाळी पाहावे तर मेन्यू गायब, प्रवेशाचे पान रिकामे आणि उर्दू मजकुराची सगळी मांडणी उलटीपालटी.

परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड, सगळीकडे आता छोट्या-मोठ्या संस्थांच्या वेबसाइट आहेत. त्यांवर प्रवेशाच्या तारखा असतात, शिष्यवृत्तीच्या सूचना असतात, रमजानचे सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक असते आणि बहुतेक ठिकाणी देणगी व जकातीसाठी बँकेचा खाते क्रमांक किंवा क्यूआर कोडही असतो. म्हणजे प्रश्न नुसत्या दिसण्याचा राहिलेला नाही. तारीख चुकीची दिसली तर एखाद्या मुलीचे वर्ष जाऊ शकते. खाते क्रमांक कोणी गुपचूप बदलला तर लोकांची जकात भलत्याच खिशात जाऊ शकते. म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय घेतला आहे. काम करणाऱ्या मुलाला तो उपयोगी पडेलच, पण त्याला काम सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही वाचावा, अशी विनंती.

थीम म्हणजे काय?

छोट्या संस्थांच्या बऱ्याच वेबसाइट 'वर्डप्रेस' या मोफत प्रणालीवर चालतात. तिची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आली. आज जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चारहून अधिक तिच्यावर आहेत आणि तिचा कारभार मराठीतूनही करता येतो. २००५ साली तिच्यात 'थीम'ची सोय आली. थीम म्हणजे वेबसाइटचा पेहराव. रंग कोणता, अक्षर कोणते, मेन्यू वर की बाजूला, फोनवर पान कसे दिसेल, हे सगळे थीम ठरवते. आपण लिहिलेला मजकूर मात्र थीममध्ये नसतो. तो 'डेटाबेस' नावाच्या वेगळ्या कोठारात असतो. छायाचित्रे आणि अर्जांच्या फाइली तिसऱ्याच ठिकाणी, एका फोल्डरमध्ये असतात.

ही विभागणी नीट समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. थीम बिघडली म्हणजे मजकूर नष्ट झाला असे नसते. तो कोठारात सुरक्षित असतो, फक्त दिसत नाही. घाबरून जाऊन "सगळे पुसा आणि नव्याने टाका" असे सांगणारे मात्र खरोखरच मजकूर घालवून बसतात.

आणखी एक फरक आहे. थीम 'अपडेट' करणे म्हणजे त्याच थीमची नवी आवृत्ती घेणे. थीम 'बदलणे' म्हणजे जुनी काढून दुसरीच लावणे. पहिले काम वर्षातून अनेकदा करावे लागते आणि ते सोपे असते. दुसरे क्वचित करावे आणि पुरेशी तयारी असेल तरच. थीम बदलली की मेन्यू आणि बाजूचे चौकोन आपापली जागा सोडतात. काही थीमच्या खास सुविधा वापरून पाने बनवलेली असतील, तर नव्या थीमखाली त्या पानांवर चौकटी कंसांतले अगम्य शब्द तेवढे उरतात.

अपडेट टाळू नये

"चालू आहे ना, मग कशाला हात लावायचा?" असे अनेकजण म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. थीम हा शेवटी माणसाने लिहिलेला प्रोग्राम आहे. त्यात फटी सापडतात आणि बनवणारे त्या नव्या आवृत्तीत बुजवतात. नवी आवृत्ती जाहीर झाली की जुन्यात फट कुठे होती हे चोरांनाही कळते. त्यानंतर जो अपडेट करत नाही, तो दार उघडे ठेवून झोपतो.

मात्र अपडेट कुठून घेतो, यालाही तितकेच महत्त्व आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये नेपाळमधल्या ॲक्सेसप्रेस थीम्स या कंपनीच्या वेबसाइटवर घुसखोरी झाली. कंपनीच्या ४० थीम आणि ५३ प्लगइनमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवून ठेवला होता. जेटपॅकच्या संशोधकांना तो सापडला आणि जानेवारी २०२२ मध्ये प्रकरण जगापुढे आले. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून थीम घेणाऱ्यांच्या हाती चोरदरवाजाची प्रत पडली. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातल्या प्रतींमध्ये तो आढळला नाही. नावाजलेल्या कंपनीच्या थीमबाबत असे होऊ शकते, तर टेलिग्रामवर फुकट मिळणाऱ्या 'क्रॅक' थीमचा काय भरवसा? दोन-चार हजार रुपये वाचवण्यासाठी अशी थीम संस्थेच्या वेबसाइटवर कधीही लावू नये. फुकट हवी असेल तर अधिकृत संग्रहात हजारो थीम आहेत आणि त्या घेण्यात कसलीही चोरी नाही.

नुकसान नेमके कसे होते?

बहुतेक तक्रारींचे मूळ एकच असते. वेबसाइट बनवताना कोणीतरी थेट थीमच्या फाइलीत शिरून बदल केलेले असतात. शाळेचे नाव मोठे केले, हिरवा रंग घातला, खाली पत्ता टाकला. थीम अपडेट होते तेव्हा जुना फोल्डर जाऊन नवा येतो आणि हे सगळे बदल त्याच्याबरोबर पुसले जातात. भाड्याच्या घरात भिंतीत कोनाडा कोरावा आणि मालकाने भिंतच नवी बांधावी, तसे होते.

यावर दोन सरळ उपाय आहेत. रंग, अक्षराचा आकार असे छोटे बदल असतील तर वर्डप्रेसमध्ये 'ॲडिशनल सीएसएस' नावाची जागा आहे, तिथे लिहावेत. ते डेटाबेसमध्ये साठतात, त्यामुळे अपडेटने पुसले जात नाहीत. मात्र ते त्या-त्या थीमशी बांधलेले असतात. थीमच बदलली तर नव्या थीमसाठी पुन्हा लिहावे लागतात, म्हणून त्यांची प्रत जवळ ठेवावी. बदल मोठे असतील तर 'चाइल्ड थीम' बनवावी. ही मूळ थीमच्या शेजारी ठेवलेली छोटीशी थीम असते. तिच्यात फक्त आपले बदल असतात, बाकी सगळे ती मूळ थीमकडून घेते. मूळ थीम कितीही वेळा अपडेट झाली तरी आपले बदल आपल्या फोल्डरमध्ये शाबूत राहतात.

आपल्या वेबसाइटवर थेट बदल झालेले आहेत की नाहीत हे ठाऊक नसेल, तर आधी ज्याने ती बनवली त्याला विचारावे. तो भेटत नसेल तर त्याच थीमची त्याच आवृत्तीची कोरी प्रत मिळवून दोन्ही फोल्डर ताडून पाहावेत.

कामाचा क्रम

पहिले काम प्रत काढण्याचे. फाइली आणि डेटाबेस, दोन्हींची. अनेकजण फक्त फाइली उतरवून घेतात आणि मजकुराचे कोठार मागेच राहते. होस्टिंगच्या नियंत्रण पानावर फाइल मॅनेजर आणि डेटाबेस निर्यात करण्याची सोय असते, किंवा बॅकअपचे प्लगइन वापरता येते. ही प्रत त्याच सर्व्हरवर ठेवून उपयोग नाही. घर जळाले तर तिजोरीची किल्लीही त्यातच जळेल. एक प्रत संस्थेच्या संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर कपाटात असावी. आणि ती प्रत खरोखर उघडते का, हे एकदा तरी करून पाहावे. उघडून न पाहिलेल्या प्रतीच्या भरवशावर राहू नये.

दुसरे काम, वेगळ्या जागी चाचणी. बऱ्याच होस्टिंग कंपन्या 'स्टेजिंग'ची सोय देतात. ती म्हणजे वेबसाइटची जुळी प्रत, जी लोकांना दिसत नाही. ती नसेल तर लॅपटॉपवर झॅम्पसारखा मोफत प्रोग्राम टाकून तिथे वेबसाइट उभी करता येते. अपडेट आधी तिथे करावे. बिघडले तरी गावाला कळत नाही.

तिसरे, एका वेळी एकच बदल. वर्डप्रेस, पाच प्लगइन आणि थीम असे सगळे एकदम अपडेट केले आणि पान बिघडले, तर दोष कोणाचा हे शोधण्यात रात्र जाते. एक करा, पाहा, मग दुसरे.

चौथे, वेळ निवडणे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, प्रवेशाच्या काळात किंवा निकालाच्या आदल्या दिवशी वेबसाइटला हात लावू नये. शनिवारी रात्री तर नकोच. होस्टिंग कंपनीचा मदत कक्ष चालू असेल, वीज असेल आणि काम करणाऱ्याला झोप आलेली नसेल, अशी साध्या दिवसाची सकाळ बरी. काम अर्धवट सोडून खिडकी बंद करू नये. अपडेट चालू असताना वर्डप्रेस "देखभालीसाठी बंद" अशा अर्थाची पाटी लावते. काम मध्येच तुटले तर ही पाटी काही मिनिटे तशीच राहते. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नये, दहा मिनिटे सबुरी ठेवावी.

पाचवे, तपासणी. आपल्याकडे घरातले बहुतेक लोक वेबसाइट फोनवरच पाहतात. म्हणून तीन वेगवेगळ्या फोनवर उघडून पाहावे, त्यातला एक स्वस्त आणि जुना असावा. अर्ज भरून पाठवून पाहावा आणि तो कार्यालयात पोहोचला का हे विचारावे. देणगीचा क्यूआर कोड स्कॅन करून संस्थेचेच नाव येते का, हे पाहावे. अपडेट झाले तरी जुनेच रूप दिसत असेल तर घाबरू नये. ब्राउझर आणि वेबसाइट जुनी प्रत काही काळ जपून ठेवतात, त्याला 'कॅश' म्हणतात. ती रिकामी केली की नवे रूप दिसते.

आणि बिघडलेच तर? मे २०१९ च्या ५.२ या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये अशी सोय आहे की थीममुळे वेबसाइट कोसळली तर कारभाऱ्याला ई-मेल येतो आणि त्यातल्या दुव्यावरून आत शिरून दुरुस्ती करता येते. ऑगस्ट २०२० च्या ५.५ पासून थीमची झिप फाइल चढवून जुनी आवृत्ती पुन्हा बसवता येते. म्हणून आधीच्या आवृत्तीची झिप फाइल फेकून देऊ नये. वर्डप्रेसबरोबर येणारी 'ट्वेंटी' मालिकेतली एक साधी थीमही नेहमी ठेवावी. आपली थीम पूर्ण बिघडली तर तिच्यावर तात्पुरते भागते.

मराठी आणि उर्दू अक्षरांची काळजी

बहुतेक थीम इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या असतात. त्यामुळे आपल्यासारख्या दोन लिप्यांत व्यवहार करणाऱ्यांना काही जास्तीची पथ्ये पाळावी लागतात.

मराठीत अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. इंग्रजी मथळ्यांना शोभणारी ही युक्ती देवनागरीला मारक आहे. ओळींमधले अंतर कमी असेल तर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापले जातात. नवी थीम लावल्यावर हे आधी पाहावे. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांसारखे मोफत फॉन्ट या कामी चांगले आहेत.

उर्दूचे पान उजवीकडून डावीकडे वाहते. पानाला तशी दिशा आणि भाषा सांगितलेली नसेल तर पूर्णविराम भलत्या टोकाला जातो आणि आकडे व शब्द यांची सरमिसळ होते. नस्तालीकची अक्षरे तिरकी उतरत जातात, म्हणून तिला मराठीपेक्षाही उंच ओळ लागते. थीमने फॉन्ट दिला नाही तर फोन आपल्याजवळचा नस्ख फॉन्ट वापरतो. मजकूर वाचता येतो, पण नस्तालीकची सवय असलेल्या आजी-आजोबांना तो परका वाटतो. नोटो नस्तालीक उर्दू हा मोफत फॉन्ट वेबसाइटलाच जोडून ठेवला की ही अडचण उरत नाही. संगणकावर नस्तालीक आणण्यासाठी लोकांनी मोठे कष्ट घेतले आहेत. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या हातची हजारो शब्दरूपे घेऊन नूरी नस्तालीक तयार झाली, तेव्हा कुठे उर्दू वर्तमानपत्राला कातिबाशिवाय छापणे शक्य झाले. ते रूप एका बटणाने घालवू नये.

सर्वांत मोठा धोका जुन्या मजकुराला असतो. युनिकोड येण्यापूर्वी टाइप केलेला बराच मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टवरच चालायचा. मुळात ती इंग्रजी अक्षरे असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. नव्या थीमने तो फॉन्ट काढला की संस्थेचा सगळा इतिहास अर्थहीन इंग्रजी अक्षरांत दिसू लागतो. असा मजकूर असेल तर आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, वाचून तपासावा आणि मगच थीमला हात लावावा. उर्दूत हीच गोष्ट इनपेजच्या मजकुराची. तो अनेक ठिकाणी चित्र म्हणून लावलेला असतो. चित्रातले शब्द शोधता येत नाहीत आणि अंध व्यक्तीचा फोन ते वाचूनही दाखवू शकत नाही.

मोठ्यांकडून शिकण्यासारखे

परभणी जिल्हा प्रशासनाची वेबसाइट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एस-थ्री-वास' या व्यवस्थेवर आहे. तिथे रूपाचे साचे आणि सुरक्षितता केंद्राकडे, तर माहिती भरणे जिल्ह्याकडे. पानाखाली शेवटच्या अद्ययावत केल्याची तारीख दिसते. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने कार्यालयांना शंभर दिवसांचा कृती कार्यक्रम दिला, त्यातही संकेतस्थळ अद्ययावत करणे हा एक मुद्दा होता. कोणाचे काम कोणते, हे ठरलेले असणे आणि तारीख उघड असणे, या दोन गोष्टी छोट्या संस्थेलाही विनाखर्च करता येतात.

इंग्रजी विकिपीडियाने १८ जानेवारी २०२३ रोजी आपले रूप बदलले. त्याआधी फ्रेंच, हिब्रू अशा इतर भाषांच्या विकिपीडियांवर ते वापरून पाहिले होते, आणि खाते असलेल्यांना जुने रूप निवडण्याची मुभा आजही आहे.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्या घरातले आहे. २०२५ साली अकरावीचा ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच संपूर्ण राज्याला लागू झाला. २१ मे रोजी नोंदणी सुरू होताच वेबसाइट कोलमडली आणि नोंदणी २६ मेपासून सुरू करावी लागली. तिथे थीमचा संबंध नव्हता, पण वेबसाइट ऐनवेळी बंद पडली की पालकांच्या जिवाची काय घालमेल होते, हे आपल्या जिल्ह्यातल्या घराघराने पाहिले.

किल्ली ही अमानत

शेवटचा मुद्दा तंत्राचा नाही, पण आम्हाला तो सर्वांत मोठा वाटतो. वेबसाइट बनवणारा मुलगा पुढे पुण्याला जातो, कोणी आखातात जातो. पासवर्ड त्याच्या डोक्यात, डोमेन त्याच्या नावावर, ई-मेलही त्याचाच. वेबसाइट कोसळल्याचा जो इशारा वर्डप्रेस पाठवते, तो अशा पत्त्यावर जातो जो आता कोणी उघडत नाही. मुलाची नियत साफ असते. त्याच्याकडून कोणी किल्ली मागूनच घेतलेली नसते.

हिजरतची रात्र आठवावी. मक्केतले लोक जिवावर उठले होते, तरी त्यांच्याच ठेवी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे होत्या. त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. गाव सोडताना अमानत पोहोचती करण्याची जबाबदारी एवढी मोठी आहे. संस्थेच्या वेबसाइटचा पासवर्ड ही आजच्या काळातली तशीच अमानत आहे.

म्हणून डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर असावे, ई-मेल संस्थेचा असावा, आणि पासवर्ड बंद लिफाफ्यात दोन विश्वस्तांकडे असावा. काम करणाऱ्याला त्याचे स्वतंत्र खाते द्यावे आणि तो गेला की ते बंद करावे. एक साधी वही ठेवावी, तिच्यात तारीख, काय बदलले आणि कोणी बदलले, एवढेच लिहावे. वेबसाइटवर घुसखोरी झाल्याचा किंवा खाते क्रमांक बदलल्याचा संशय आला, तर आधी तो क्रमांक काढून टाकावा आणि लोकांना मशिदीतून, व्हॉट्सॲपवरून कळवावे. कोणाचे पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर विनाविलंब तक्रार करावी. तासाभराचा उशीरही महागात पडतो.

घरातल्या मुलांनो, तुमच्या हाती असे काम आले तर ते नाकारू नका. गावाची ही मोठी खिदमत आहे. फक्त बटण दाबण्यापूर्वी प्रत काढा आणि काम संपल्यावर वहीत एक ओळ लिहा. आणि विश्वस्त साहेबांनी, मुलाने "आधी दोन दिवस तयारीला द्या" असे म्हटले, तर ते दोन दिवस त्याला द्यावेत.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, जुनी कागदपत्रे फोनवर नीट स्कॅन करून कशी जपावीत, याविषयी लिहू.